बाहेर गेलीये

घरापासून चालत सात मिनिटांवर एक व्हिडिओ लायब्ररी होती आणि बारा मिनिटांवर दुसरी. या मधल्या पाच मिनिटांवरून माझी आणि धाकट्या भावाची जेवढी भांडणं झाली, तेवढी पुढे कशावरूनच झाली नाहीत. तो बारा मिनिटवाल्या मोठ्या दुकानाचा, मी सात मिनिटवाल्या छोट्याची. आई कुणाच्याच बाजूची नव्हती. काय आणायचं ते आणा, पण वेळेवर परत द्या, एवढंच तिचं म्हणणं.

दोन्ही दुकानं बंद होऊन जमाना लोटला. तरी परवा फोनवर कुठून कोण जाणे तोच विषय निघाला आणि भाऊ म्हणाला, "ताई, खरं सांग, तुझ्या त्या काकांकडे हवी ती कॅसेट मिळाली होती का गं कधी?"

"मिळाली असेल की," म्हणत मी विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर आठवायला बसले, तर बोटावर मोजण्याइतक्याच वेळा. बाकी सगळ्या आठवणी काही ना काही न मिळाल्याच्याच. मग मी त्या दुकानाची बाजू घेऊन इतकी वर्षं भांडले कशासाठी?

आधी दुकानं कशी होती ते सांगते. काकांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतींवर कॅसेटची रिकामी कव्हरं, प्रत्येक कव्हराखाली एक छोटा खिळा आणि खिळ्याला नंबर घातलेला गोल बिल्ला. कॅसेट दुकानात असली की बिल्ला खिळ्यावर. बिल्ला काढून काउंटरवर द्यायचा, काका आत जाऊन त्या नंबरची कॅसेट आणणार, वहीत नाव लिहिणार. त्यामुळे आत शिरल्यावर माझी नजर कव्हरावर जायचीच नाही, आधी खिळ्यावर जायची. नुसता खिळा दिसला की पोटात खड्डा. तरीही मी विचारायचेच, आणि काका वहीतून मान वर न काढता म्हणायचे, "बाहेर गेलीये."

मोठ्या दुकानात असलं काही नव्हतं. लख्ख उजेड, प्रकारवार लावलेली रॅक आणि रॅकवर थेट कॅसेटच. उचला, काउंटरवर न्या, बारकोडवर लाल दिवा फिरला की झालं. न सांगता घेऊन निघालात, तर दारातली कमान बोंबलणार. नव्या सिनेमाच्या एकसारख्या वीस-पंचवीस प्रती शेजारी शेजारी उभ्या. शेवटची प्रत गेली तरी दोन तासांत कुणीतरी परतीच्या खिडकीतून एक आत टाकणारच.

लहानपणी मला वाटायचं, काका कंजूष आहेत म्हणून एकच कॅसेट आणतात. खरं कारण धंद्यातलं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

१९७७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या आंद्रे ब्ले नावाच्या माणसाने ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० सिनेमांचे हक्क मिळवले आणि ते कॅसेटवर विकायला काढले. विकायला हं, भाड्याने द्यायला नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीला लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सनने त्यातल्या प्रत्येक सिनेमाची एक बीटामॅक्स आणि एक व्हीएचएस, अशा त्या काळच्या दोन्ही जातींच्या कॅसेटवर एकेक प्रत घेतली, आणि सभासदत्वाची वर्गणी घेऊन ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. निर्मात्यांचा जळफळाट झाला. पण तिथल्या कायद्याने एकदा विकलेली प्रत ही विकत घेणाऱ्याची. त्याने ती पाहावी, माळ्यावर टाकावी नाहीतर शेजाऱ्याला भाड्याने द्यावी. प्रत्येक भाड्यात वाटा मागायची सोय नाही म्हटल्यावर निर्मात्यांनी विक्रीची किंमतच चढी ठेवली. दुकानदाराला एक कॅसेट ६५ डॉलरच्या आसपास, काही वेळा त्याहूनही महाग पडायची. तेवढे पैसे वसूल व्हायला तीच कॅसेट कितीतरी वेळा बाहेर जायला हवी. मग छोटा दुकानदार एकावर दुसरी प्रत कशाला घेईल? नवा सिनेमा आला की पहिले दोन आठवडे त्याच्या दारात रांग आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी विचारायला नाही. त्या दोन आठवड्यांसाठी दहा प्रती घेऊन ठेवणारा दुकानदार तिसऱ्या आठवड्यात दुकान विकायला काढणार.

हे गणित बदललं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. ब्लॉकबस्टर या व्हिडिओ लायब्ररींच्या अमेरिकन साखळीने मोठ्या स्टुडिओंशी करार केले: प्रत जवळजवळ नाममात्र किमतीत द्या, भाड्यातला वाटा तुम्हाला देतो. एका फटक्यात चाळीस-चाळीस प्रती ठेवणं परवडू लागलं. हवा तो सिनेमा मिळणारच, नाहीतर पुढच्या वेळी फुकट, अशा जाहिराती लागल्या. असे करार करायचे तर हिशेब संगणकावर हवा, प्रत्येक भाड्याची नोंद स्टुडिओला दिसायला हवी. ब्लॉकबस्टरकडे ते पहिल्यापासून होतं, कारण १९८५ साली डॅलसमध्ये तिचं पहिलं दुकान काढणारा डेव्हिड कुक मुळात संगणकावर माहिती साठवण्याच्या धंद्यातला. वही आणि बिल्ल्यावर दुकान चालवणाऱ्याला या पंगतीत पान मिळणं अवघडच होतं. आमचं मोठं दुकान त्या साखळीचं नव्हे, तिची नक्कल होतं. पण नक्कल चोख होती.

तर मोठ्या दुकानाने "नाही" हा शब्द जवळजवळ संपवला होता. काकांचं अर्धं दुकान त्याच शब्दावर चालायचं.

आणि काकांचं "नाही" तिथेच संपायचं नाही, ही खरी गोम. "बाहेर गेलीये" म्हटल्यावर क्षणभर थांबून पुढचं वाक्य यायचं. "गुरुवारी ये. त्यांच्याकडे पाहुणे आहेत, त्याआधी काही ते देत नाहीत." किंवा, "आज संध्याकाळी येईल बघ, त्यांना आवडलेला दिसत नाही." कॅसेट कुणाकडे आहे, तिथे ती किती दिवस राहणार, हे वहीत नसायचं, काकांच्या डोक्यात असायचं. मला हवा असलेला सिनेमा या क्षणी आमच्याच गल्लीतल्या कुठल्यातरी खिडकीमागे चालू आहे, ही कल्पना मला विलक्षण वाटायची. येताना मी खिडक्यांतला निळसर उजेड बघत यायचे. कुठला असेल?

मग काका काउंटरखाली वाकायचे आणि दुसरीच एखादी कॅसेट वर काढून सरकवायचे. बोलायचे काही नाहीत. घेतलीस तर घे.

आता इथे मी काकांना डोक्यावर घेऊन नाचणार असं कुणाला वाटत असेल, तर थांबा. त्यांची निवड काही दर वेळी थोर नसायची. त्यांना कोर्टातल्या गोष्टींचं वेड होतं. आरोपी, वकील, शेवटच्या पाच मिनिटांत येणारा साक्षीदार. माझ्या शाळकरी वयात मी जितके खटले पाहिले तितके एखाद्या होतकरू वकिलानेही पाहिले नसतील. त्यातले निम्मे रटाळ होते. पण उरलेल्या निम्म्यांत असे काही सिनेमे निघाले, जे मी मोठ्या दुकानात समोर दिसूनही उचलले नसते. कारण त्यांची कव्हरं भिकार होती आणि नावं त्याहून भिकार. ते माझ्यापर्यंत पोचले ते केवळ मला हवी ती कॅसेट बाहेर गेली होती म्हणून.

माझ्या पक्षाची बाजू ही अशी. फोनवर भावाला हे सगळं ऐकवलं. तो ऐकून घेत होता, आणि मग म्हणाला, "तुझं ठीक आहे. तुला बोलता यायचं."

मला आधी समजलंच नाही. तो लहानपणी अडखळत बोलायचा. घरात कमी, बाहेर जास्त, आणि अनोळखी माणसासमोर तर पहिलं अक्षर फुटायलाच वेळ लागायचा. काकांच्या दुकानात सगळा कारभार तोंडी. नाव विचारा, दुसरं काय आहे विचारा, कालची कशी वाटली याचं उत्तर द्या. मागे चार माणसं उभी. "मी खिळ्यावरचा बिल्ला काढून द्यायचो आणि मनात म्हणायचो, आता यांनी काही विचारू नये," तो म्हणाला. मोठ्या दुकानात त्याने कॅसेट उचलून काउंटरवर ठेवली की काउंटरवरचा मुलगा ती फिरवून परत द्यायचा. मुलगा दर दोन महिन्यांनी बदलायचा. कुणाला याचं नाव माहीत नाही, कार्डाचा नंबर पुरे. त्याच्या लेखी त्या लख्ख उजेडात जगातली सगळ्यात मोठी चैन होती: कुणाशी न बोलता हवं ते मिळणं.

इतकी वर्षं आम्ही दुकानांवरून भांडत होतो आणि हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

आणि काकांच्या त्या डोक्यातल्या वहीची दुसरी बाजूही असतेच. कोण काय पाहतं हे एका माणसाला माहीत असणं कधी उबदार वाटतं, कधी नकोसं. शेजारच्या घरात रोज रात्री भुताटकीचेच सिनेमे जातात हे मला काकांकडूनच कळलं होतं, आणि ते मला कळायचं काहीच कारण नव्हतं. अमेरिकेत १९८७ साली रॉबर्ट बोर्क या न्यायाधीशांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाच्या वार्ताहराने त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीत जाऊन त्यांनी नेलेल्या कॅसेटची यादी सहज मागितली, आणि ती त्याला सहज मिळाली. १४६ नावं होती. ती वाचून कुणाला काही गैर सापडलं नाही, साधे घरगुती सिनेमे. पण खासदारांना आपापल्या याद्या आठवल्या असाव्यात. पुढच्याच वर्षी गिऱ्हाइकाने काय भाड्याने नेलं हे उघड करायला बंदी घालणारा कायदा झाला. इतक्या चपळाईने खाजगीपणाचे कायदे एरवी होत नाहीत.

दंडाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळ्यांनीच लिहून झालंय. ब्लॉकबस्टरला २००० साली उशिराच्या दंडातून सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या साधारण सहाव्या भागाएवढे. एवढा आकडा वाचल्यावर दंड ही शिस्त होती की कमाई, हे वेगळं सांगायला नको. काका दंड वहीत लिहायचे आणि विसरायचे. पण रिवाइंड न करता दिलेली कॅसेट मात्र विसरायचे नाहीत. तोंडाने काही म्हणायचे नाहीत, तुमच्यादेखत ती रिवाइंडरमध्ये घालायचे आणि ती घरघर संपेपर्यंत तुम्हाला तसंच उभं ठेवायचे.

कॅसेट ही वस्तू मुळात चुगलखोर. अर्धा इंच रुंदीची फीत, तिच्यावर तिरप्या रेघांत नोंदलेलं चित्र आणि ते वाचणारं गरगर फिरणारं हेड. सिनेमा थांबवला तरी हेड फिरायचं थांबत नाही, त्याच जागेवर घासत राहतं. त्यामुळे लोकांनी जिथे जिथे थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं, तिथे फीत झिजायची आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. रेघा दिसायला लागल्या की आम्ही सावरून बसायचो: आता काहीतरी बघण्यासारखं येतंय. मारामारी, गाडीची उलटापालट, चुंबन. कोर्टाच्या सिनेमात साक्षीदार दारातून आत येतो त्या जागी रेघा होत्या, हे बघून मला वाटलं, म्हणजे हा सिनेमा काकांनीच दहादा पाहिलाय.

मोठ्या दुकानात कॅसेट झिजायच्या आत बदलायची. तिसऱ्या आठवड्यानंतर वीसमधल्या पंधरा प्रती दारातल्या टोपलीत, जुन्या म्हणून विकायला. तिथल्या चित्रात रेघा क्वचितच असायच्या. भाऊ म्हणतो, हेच तर हवं. पैसे सिनेमा बघायचे देतो आपण, शेजाऱ्यांची बोटं बघायचे नाही. बरोबर आहे त्याचं.

माझंही एक बोट एका कॅसेटवर आहे.

आमच्या मशीनने एकदा काकांची कॅसेट खाल्ली. बटण दाबून बाहेर काढली तर फितीचा एक लोंबता फास आतच अडकलेला, आणि सोडवल्यावर मधला एक तुकडा चुरगळलेल्या रिबनसारखा. आई घरी नव्हती. मी कॅसेट पालथी घातली आणि खालचे पाच स्क्रू काढले. वरची बाजू उचलताच झाकणाची बारकी स्प्रिंग उडाली, ती शोधण्यात अर्धा तास गेला. मग चुरगळलेला तुकडा कात्रीने कापला, बोटभर लांबीचा. दोन टोकं एकमेकांना भिडवून चिकटपट्टी लावली. हेड ज्या बाजूला घासतं ती बाजू सोडून पाठच्या बाजूने लावायची, नाहीतर गोंदाने हेड बसतं, हे भावाला कुठूनतरी माहीत होतं आणि तेवढं तो न अडखळता सांगू शकला. जास्तीची पट्टी ब्लेडने कडेला कापली. बंद करून लावली. बोटभर फीत म्हणजे तीन-चार सेकंद. एक बाई दाराच्या मुठीला हात लावते, आणि पुढच्याच क्षणी आत खुर्चीवर बसलेली असते.

कॅसेट रिवाइंड करून परत दिली. काकांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तीन-चार महिन्यांनी दुकानात उभी असताना एका गिऱ्हाइकाने तीच कॅसेट मागितली. काका वहीत नाव लिहिता लिहिता म्हणाले, "मध्ये एक उडी आहे. बाकी छान आहे." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी कितीतरी वेळ भिंतीवरचं एक कव्हर वाचत उभी राहिले.

पुढचा इतिहास माहितीचाच आहे. डीव्हीडी आली, तिला ना फास बसे ना रिवाइंड लागे. ती पाकिटातून टपालाने घरी येऊ लागली. नेटफ्लिक्सने हे १९९८ मध्ये सुरू केलं आणि ५ अब्जांहून जास्त डिस्क पाठवल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवलं. ब्लॉकबस्टरची दुकानं २००४ च्या सुमाराला जगभरात ९ हजारांवर होती, २०१० मध्ये दिवाळखोरी. आता ओरेगॉनमधल्या बेंड गावात त्या नावाचं एकच दुकान उरलंय आणि लोक त्याच्या दारात फोटो काढायला जातात. सिअ‍ॅटलच्या स्केअरक्रो व्हिडिओकडे सव्वा लाखाहून जास्त सिनेमे आहेत. ती आता ना-नफा संस्था म्हणून चालते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओची. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा मालकाने सुमारे ५५ हजार सिनेमांचा संग्रह एकसंध सांभाळणाऱ्याला देऊ केला, आणि तो गेला सिसिलीतल्या सालेमी नावाच्या छोट्या गावात. तिथे तो बरीच वर्षं नुसता पडून राहिला. शेवटी २०२२ मध्ये न्यूयॉर्कला परत आला, आता एका चित्रपटगृहात तो पुन्हा लोकांना नेता येतो. एवढा मोठा "बाहेर गेलीये" दुसरा नसेल.

हल्ली टीव्हीवर सिनेमा शोधते तेव्हा तो नसला तरी कुणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी तसेच दिसणारे वीस चौकोन समोर येतात. तो कुणाकडे आहे, कधी येणार, की कधीच येणार नाही, काही कळत नाही. चौकोनही माझ्याच आधीच्या आवडीतून निघालेले, त्यामुळे माझ्यावर हल्ली कुणी खटले लादत नाही. भावाला ही व्यवस्था फार पसंत आहे. मीही रोज वापरते, उगाच साधेपणाचा आव कशाला आणू.

काकांनी दुकान आवरायला काढलं तेव्हा मी नोकरीसाठी दुसरीकडे राहत होते. सुट्टीत घरी आले तर दुकानात खोकी. भिंतीवरची कव्हरं उतरवलेली, नुसते खिळे रांगेत. कुठलीही कॅसेट घ्या, मिळेल त्या किमतीला. आमच्याकडचं मशीन केव्हाच बंद पडलं होतं, तरी मला एक हवी होती. ती उडीवाली. मी सिनेमाचं नाव सांगितलं.

काकांनी खोकी नाही उघडली, वही उघडली. पानं मागे नेत नेत एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाहेर गेलीये."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

मग सवयीने ते काउंटरखाली वाकले आणि दुसरी एक कॅसेट काढून माझ्याकडे सरकवली. कोर्टाची होती.